ओल्या मातीचा आकडा

रविवार, ६ ऑक्टोबर १९८५

“झोप गं, धरण कूस बदलतंय.”

आबांचं हे वाक्य. कोयनानगरच्या कॉलनीत रात्री जमिनीखालून गडगडाट यायचा, फळीवरची भांडी किणकिणायची, आणि आबा अंधारातच असं म्हणायचे. मग माझी धाकटी बहीण शकु खुदकन हसायची आणि आम्ही सगळे पुन्हा झोपायचो. चार वर्षं असं चाललं होतं. माणसाला कशाचीही सवय होते.

येत्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाला अठरा वर्षं होतील. इतकी वर्षं ते वाक्य कुठे होतं कोण जाणे. गेल्या महिन्यात मेक्सिकोच्या भूकंपाचे फोटो पेपरात आले आणि तेव्हापासून ते रोज ऐकू येतं. भांडी घासताना, बसची वाट बघताना. म्हणून ही वही काढली. जानेवारीत एका सिमेंट कंपनीने लॅबला दिलेली डायरी आहे, नऊ महिने कोरी पडून होती.

पहिल्या पानावर आपलं नाव-गाव लिहावं. मी वनमाला. वय त्रेचाळीस. लग्न केलं नाही. आबा आता नाहीत; माझी आई सोनूबाई आणि मी, दोघीच घाटकोपरला पंतनगरात राहतो. मरोळला एका गाळ्यातल्या लॅबमध्ये मी पंधरा वर्षं माती तपासते. धरणावर आबा काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजायचे. त्यांच्या साहेबांच्या चिठ्ठीवर मला ही नोकरी मिळाली.

मेक्सिकोचं एक मला कळत नव्हतं. भूकंप झाला समुद्रकाठी, आणि माणसं मेली तिथून साडेतीनशे-चारशे किलोमीटर आतल्या शहरात. आमचा इंजिनिअर भीमराज म्हणाला, ताई, ते शहर जुन्या तळ्यावर वसलंय. खाली मऊ गाळ. खडकावर जी थरथर जाणवलीही नसती, ती गाळाने पाचपट करून वर दिली.

ऐकून मी हात धुतले. कारण नव्हतं, हात स्वच्छच होते.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज लॅबमध्ये काशीराम आले होते. संपात गिरणी सुटल्यावर चौऱ्याऐंशी कोकणी कुटुंबांनी मिळून सोसायटी केली आहे, तिचे हे सेक्रेटरी. देवनारच्या पुढे, खाडीला लागून भरणी टाकलेला प्लॉट. सात मजले, मजल्याला बारा घरं. ऑगस्टमध्ये तिथे आम्ही भोकं पाडून माती काढली होती आणि तिचा अहवालही दिला होता. पण मेक्सिको झालं आणि त्यांच्या आर्किटेक्टने हट्ट धरला की भूकंपात ही जमीन किती हलेल तेही काढून द्या. मुंबईत हे कोणी विचारत नाही. नंदकिशोर सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हौसेने काम घेतलं. भीमराजने तसला प्रोग्राम आधी एकदा चालवला आहे.

काशीराम पेढे घेऊन आले होते. दसऱ्याला घरांच्या चिठ्ठ्या काढल्या म्हणे. “माका सहावो माळो गावलो, बाय. थंयसून खाडी दिसतली.” मग त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन, त्यांचा सहावा मजला साधारण किती उंच येईल ते समोरच्या कारखान्याच्या धुराड्यावर बोट ठेवून दाखवलं.

घरी आई पेढा खाऊन म्हणाली, सहाव्या मजल्यावरनं खाली यायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, लिफ्ट असेल. ती म्हणाली, तसं न्हाई विचारलं.

आमच्या घराचं दार आतून लावत नाही. कडीच काढून टाकली आहे. आणि आईच्या उशाशी तांब्यावर फुलपात्र उपडं ठेवलेलं असतं, थोडं तिरकं. जमीन जराशी हलली तरी वाजेल असं. लांबवर खाणीत सुरुंग उडाला तरी ते वाजतं. शेजारच्या बाई म्हणतात, या दोघींकडे चोरालासुद्धा आधी वर्दी द्यावी लागेल.

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज भीमराजने त्याचं काम मला समजावलं. तो पस्तिशीचा आहे, मुलुंडला राहतो, तोंडाने फटकळ. पण समजावतो छान.

संगणकाला माती दिसत नाही. आपण तिला थरांच्या उतरंडीसारखी मांडून द्यायची. तळाशी खडक, त्यावर मुरूम, त्यावर बारा मीटर काळा गाळ, वर भरणी. मग खडकाला हलवायचं आणि वर काय पोचतं ते बघायचं. पण मधल्या प्रत्येक थराची खोड आधी सांगावी लागते. जोरात हलवलं की तो किती सैल पडतो आणि हादरा किती गिळतो.

“काही माती लवकर दमते, ताई. दमली की हादरा पोटात घालते, वर कमीच येतो. आणि काही माती दमतच नाही. तुम्ही हलवा, ती नाचेल.”

मी विचारलं, मग आपली कुठली हे कसं कळणार?

“जातीवरनं,” तो हसला. “आता इथे तरी जात चालवून घ्या. मातीची आहे.”

गंमत बाजूला ठेवून त्याने दोन आलेख काढले. ट्रॉम्बेला कामाला असलेल्या त्याच्या मेहुण्याने एका जपानी लेखाची झेरॉक्स दिली होती, त्यातले. माती जितकी चिकट आणि लवचिक, तितकी ती कमी दमते. लवचिकपणाचा आकडा कमी असेल तर एक रेघ, जास्त असेल तर दुसरी. आणि तो आकडा माझ्या तक्त्यातला. मीच काढलेला. अठ्ठावीस.

पंधरा वर्षं मी हा आकडा काढते आहे. पितळेच्या वाटीत मातीचा लगदा थापायचा, मधोमध एक चर ओढायची आणि दांडा फिरवायचा. वाटी टक टक आपटते. चर मिटेपर्यंत ठोके मोजायचे. तेव्हा मातीत किती पाणी होतं ते लिहून ठेवायचं. अहवालाच्या मागच्या पानावर तो छापला जायचा आणि कोणी बघायचंही नाही. आज पहिल्यांदा कळलं की तो आकडा इतका लांब जातो. मला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला.

शनिवार, ९ नोव्हेंबर

निकाल आला. भीमराज पवईच्या संगणकावरून कागदाची भेंडोळी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, झकास. खडकावर एक असेल तर वर दीड. गाळ दमतो आणि हादरा गिळतो. सात मजले खुशाल बांधा.

सरांनी सही केली. काशीरामना फोन केला. दिवाळीआधी बातमी मिळाली म्हणून ते फोनवरच रडले, असं सर म्हणाले.

मलाही बरं वाटायला हवं होतं. बसमध्ये सारखी बोटं एकमेकांवर घासत होते. का, ते कळलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

दिवाळीत फटाक्यांनी फुलपात्र रात्रभर वाजत राहिलं. आई अंथरुणात बसून होती.

आज पोळ्यांची साधी कणीक मळताना कळलं. तो काळा गाळ माझ्या बोटांना आठवतो. ऑगस्टमध्ये नळकांड्यातून काढला तेव्हा त्याला सडलेल्या अंड्यासारखा वास होता, शिंपल्यांचे बारीक तुकडे होते, आणि तो हाताला असा धरून बसला होता की तीनदा साबण लावावा लागला. तसल्या मातीचा आकडा अठ्ठावीस येत नाही. पन्नासच्या आत येऊच नये.

पंधरा वर्षं हाताने माती मळल्यावर आकडा आधी बोटांना कळतो. तेव्हा मी बोटांचं ऐकलं नाही. वाटीचे ठोके मोजले आणि लिहून टाकलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

ऑगस्टची वही काढली. माझंच अक्षर. ‘नमुने ८ ते १८, ओव्हन, १०५ अंश, रात्रभर.’

आमची रीत अशी की आलेली माती ट्रेमध्ये पसरून पंख्याखाली तीन-चार दिवस वाळू द्यायची, मग कुटून, चाळून, पुन्हा पाण्यात कालवून तपासायची. पावसाळ्यात ती वाळत नाही. हवेतच पाणी. म्हणून पावसाळ्यात ओव्हन. सगळेच करतात. साध्या मातीला फरक पडत नाही. पण खाडीचा गाळ एकदा भाजला की भाजला. पुन्हा पाणी घातलं तरी त्याचा चिकटपणा पूर्वीसारखा येत नाही. हे मला माहीत होतं. कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं. पाठ्यपुस्तकातही आहे.

तरी मी ठेवला. घाई कसलीच नव्हती. सर आठवडाभर बाहेरगावी होते, कोणी मागे लागलं नव्हतं. मी दोन दिवस वाट बघू शकले असते, किंवा न वाळवताच, ओली आहे तशीच तपासू शकले असते. पण वास येत होता. आणि ओली माती रात्रभर उघडी पडलेली मला पाहवत नाही. हा माझा जुनाच चळ आहे. निघताना ट्रेवर गोणपाट टाकते, तरी बरं वाटत नाही. लॅबमधले सगळे हसतात त्याला. काळा गाळ अकरा ट्रेमध्ये पसरलेला होता. संध्याकाळी मी दिवा बंद केला, पुन्हा लावला, आणि सगळे ट्रे उचलून ओव्हनमध्ये घातले.

रविवार, १७ नोव्हेंबर

लॅबची किल्ली माझ्याकडे असते. आईला सांगितलं, वास्तुशांतीला जाते.

मेण लावून बंद केलेली दोन नळकांडी शिल्लक होती, त्याच भोकातली. मेण सोलून गाळ काढला. तोच वास. न वाळवता, तसाच मळला आणि वाटीत घेतला. चर ओढली. एक, दोन, तीन. गाळ्यात कोणी नव्हतं, फक्त टक टक. बारा, तेरा. खाणीतल्या सुरुंगांनाही रविवारी सुटी. चर मिटतच नव्हती. तेहतिसाव्या ठोक्याला मिटली. पाणी घालून पुन्हा. पुन्हा. मोजून झाल्यावर वजनासाठी चिमूट-चिमूट माती ओव्हनमध्ये. ओव्हन शेवटी. आधी नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

वजनं केली. एकात चोपन्न, दुसऱ्यात छप्पन्न.

बुधवार, २७ नोव्हेंबर

भीमराजला सांगितलं तेव्हा त्याने थट्टा केली नाही. यावरूनच मला कळायला हवं होतं. त्याने दोन आठवड्यांनी मिळणारा संगणकाचा वेळ कोणाकडून तरी उसना मागून घेतला आणि दुसरी रेघ घालून पुन्हा चालवलं. बाकी सगळं तेच. तोच खडक, तोच हादरा, तेच थर. फक्त माझा आकडा वेगळा.

आज जेवणाच्या सुटीत त्याने दोन कागद डब्यांच्या बाजूला शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात दीड. दुसऱ्यात साडेतीन.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. सात मजल्यांची इमारत पुढे जाऊन मागे यायला साधारण पाऊण सेकंद घेते. हा गाळही जवळपास तेवढाच घेतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला तर तो चढत जातो, तसं. चार मजले असते तर इमारतीचा हेलकावा छोटा, तिची गाळाशी गाठ पडली नसती.

“ताई, वाट लागली,” तो हळूच म्हणाला. मग डबा न खाताच झाकला.

मी विचारलं, हे नक्की का? तो म्हणाला, नक्की काहीच नाही. जपान्यांची माती त्यांची, आपली आपली. आपल्या गाळाला कोणी हलवून पाहिलेलंच नाही. पण पहिला कागद चुकलेला आहे, हे नक्की.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

नंदकिशोर सरांना सांगितलं. ओव्हनचं, दोन नळकांड्यांचं, दोन कागदांचं. माझी चूक आहे हे आधी सांगितलं.

ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं रागावतील. ते ओव्हनकडे बघत होते. मग म्हणाले, दोन नमुन्यांवर अकरा नमुने खोटे ठरत नाहीत. मेक्सिकोचा गाळ म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, त्याची तुलना इथे नको. नियमात हा अभ्यास मागितलेलाच नाही, आपण जास्तीचा दिला. आणि सात मजले नाही तर काय, चार? म्हणजे छत्तीस कुटुंबांना बाहेर काढायचं? कुठल्या छत्तीस?

मी म्हटलं, निदान पुन्हा एक भोक पाडून माती ओली तपासू. अहवालात तसं लिहू.

ते म्हणाले, दिलेला अहवाल आपण आपल्या मनाने बदलत नाही. सोसायटीने लेखी मागितलं तर करू. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, हा ओव्हन मी आणला. पावसाळ्यात वापरा असं मीच सांगितलं. आता काय पंधरा पावसाळे उघडत बसायचे?”

मला हे सुचलंच नव्हतं.

निघताना ते म्हणाले, तुम्ही कोयनेच्या, तुम्हाला जमीन हलतानाच दिसते, थोडे दिवस रजा घ्या. मला ते लागलं. रजा घेण्याइतकी मी काही वेडी झालेली नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

बसमधून खिडकीबाहेर बघवत नाही. चकाल्याची ती पिवळी इमारत, तिची माती मी तपासली जुलै शहात्तरला. साकीनाक्याच्या पुढची, ऑगस्ट. घाटकोपरला खाडीच्या बाजूला तीन, एकाच पावसाळ्यातल्या. गॅलऱ्यांत कपडे वाळत असतात. एका खिडकीत कोणी मनीप्लँट लावला आहे. मी कधी त्यांना अशी बघितलीच नव्हती. सगळ्या सरळ उभ्या आहेत, हे खरं आहे. पण नुसतं सरळ उभं असणं हा कशाचाच पुरावा नसतो.

आर्किटेक्टला फोन केला होता. क्लायंटचं पत्र आणा, ते म्हणाले, मी लगेच थांबवतो.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आईला घेऊन दादरला चैत्यभूमीवर गेले. पाच तास रांग. रांगेत आमच्या पाटणकडची एक बाई भेटली, तिने आईला ओळखलं. म्हणाली, तुमची धाकटी कुठं दिली? आईने शांतपणे सांगितलं, लांब दिली.

बुधवार, ११ डिसेंबर

आज अठरा वर्षं झाली. एक दुरुस्ती लिहायची आहे.

पहिल्या पानावर मी लिहिलं की ते आबांचं वाक्य. आबांचंच होतं ते. पण त्या रात्री आबा घरी नव्हते, तिसऱ्या पाळीला गेले होते. पहाटे गडगडाट झाला. शकुने मला हलवलं. “ताई, आवाज आला.” मी डोळे उघडले नाहीत. तिने पुन्हा हलवलं. तेव्हा मी आबांसारखा घोगरा आवाज काढून म्हटलं, झोप गं, धरण कूस बदलतंय. ती हसली. गोधडीत तोंड खुपसून हसल्याचा आवाज आला. तेरा वर्षांची होती.

मला मात्र झोप लागली नाही. उठून परसात चूल पेटवायला गेले. म्हणून घर पडलं तेव्हा मी बाहेर होते. आई दाराच्या चौकटीखाली सापडली, जिवंत. दगडमातीच्या भिंती. शकुला दुपारी काढलं. पाण्याचा माठ तिच्याजवळच फुटला होता, केसांत सगळी ओली माती. शाळेच्या पटांगणात सगळ्यांना ओळीने ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती तिथेच होती, रात्रभर, उघड्यावर. आबांनी कुठून तरी एक गोणपाट आणलं. ते पुरत नव्हतं. पाय झाकले की केस उघडे पडत.

एवढंच. आज लॅबमध्ये काम नेहमीसारखं झालं. निघताना ट्रे झाकले.

रविवार, १५ डिसेंबर

काशीरामांकडे गेले होते. घाटकोपरलाच, टेकडीवरच्या भाड्याच्या खोलीत सात माणसं. बसायला खाट रिकामी करून दिली. त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, सोलकढी दिली. नव्या घरासाठी घेतलेली पितळी समई वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवली होती, ती काढून दाखवली, पुन्हा गुंडाळून ठेवली.

मी सगळं सांगितलं. जमेल तितकं सोपं करून. माती भाजली, म्हणून आकडा खोटा आला, म्हणून संगणकाला खोटं कळलं. ते मध्येच थांबवून म्हणाले, म्हणजे चूक तुजी? मी म्हटलं, माझी.

त्यांनी विचारलं, भूकंप येतलोच काय? मी म्हटलं, माहीत नाही. कदाचित कधीच येणार नाही. मुंबईत आपल्या हयातीत मोठा भूकंप झालेला नाही. पण आला तर ती जमीन त्याला थोपवणार नाही, वाढवेल.

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, चार माळे म्हणजे छत्तीस जण भायेर. पहिलो मीच भायेर, सहाव्याचो. माजा सोड. पण दोन म्हातारे हेच वर्सात गेले, घर बघूच्या आदी. तेंच्या बायकांका कोण सांगतलो? तू सांगशीत?

मी म्हटलं, सांगेन.

“तू सांगशीत आनि घराक जाशीत,” ते म्हणाले. “माका थंय रवाचा हा. बाय, भूकंप येतलो तेव्हा येतलो. तेच्या आदी म्हातारपण येतला.”

सुगंधाबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, आता परत येऊ नका हां, ते रात्री झोपत नाहीत मग.

बावीस तारखेला, रविवारी, प्लॉटवर कुदळ मारणार आहेत.

मंगळवार, १७ डिसेंबर

सकाळी आई तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, गाळ, ओव्हन, काशीराम. तिला कितपत कळलं माहीत नाही. मी म्हटलं, आता गप्प बसावं म्हणते. सर म्हणतात, तो माणूस म्हणतो, सगळेच म्हणतात. मीच चूक असेन.

तिने खडा काढून बाजूला ठेवला. मग न बघताच बोलली.

“म्या जागीच हुते त्या राती. तू शकीला म्हनलीस ते म्या आयकलं. मला बी बरं वाटलं आयकून. म्हनून झोपले.”

अठरा वर्षांत आई हे बोलली नव्हती. मी काही म्हणायच्या आत तिने सूप उचललं आणि आत गेली. मला वाटतं तिला म्हणायचं होतं की झालं गेलं, आता विसर. दुसरं काय असणार. पण मग आतून तिने हाक मारून विचारलं, त्या मानसाला अजून उठवलं का न्हाई?

मी म्हटलं, उठवलं. तो म्हणतो झोपू दे.

ती म्हणाली, मंग परत हलव.

गुरुवार, १९ डिसेंबर

भीमराज म्हणाला, ताई, काशीरामांना पत्र पोस्टाने पाठवू नका, कुदळीनंतर पोचेल. मी नेऊन देतो, सरांना काय सांगायचं ते मी बघतो. मजकूर आधी इथे लिहिते, मग चांगल्या कागदावर उतरवेन.

श्री. काशीराम यांस,

तुमच्या घरी पुन्हा येऊ नये असं सुगंधाबाई म्हणाल्या, म्हणून लिहिते. रविवारी कुदळ मारण्याआधी सगळी घरं प्लॉटवर जमतील. तिथे येऊन मी स्वतः सांगेन की तुमची माती मी भाजली. शिव्या द्यायच्या त्या मला द्याव्यात. त्या दोघींना मीच सांगेन, आणि सांगून घरी जाणार नाही. लोक म्हणतील तोवर थांबेन, आणि लागेल तितक्या वेळा पुन्हा येईन.

ओली माती तपासून कदाचित माझंच म्हणणं खोटं ठरेल. तसं झालं तर तुमच्या सहाव्या मजल्यावर पहिला नमस्कार करायला मी येईन. पण तपासल्यावाचून ते कोणालाच कळणार नाही, आणि तुमच्या सहीवाचून कोणी तपासणार नाही.

सोबत एक कागद आहे. त्यावर एकच ओळ टाइप केलेली आहे, ‘खाडीचा गाळ न वाळवता पुन्हा तपासावा आणि तोवर काम थांबवावं.’ खाली सेक्रेटरींच्या सहीची जागा मोकळी आहे. तुम्ही सही करणार नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही केली नसती. कागद घेऊन येणारा माणूस संध्याकाळपर्यंत तुमच्या दाराशी थांबेल, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवाल हेही मला कळतं.

तरी मागते. सही करा.